टॉवेलची घडी घालताना रोबोट का अडतो? बोटात बसवलेल्या कॅमेऱ्याने काय बदलणार?

कापड विणणारी यंत्रे येऊन दोनशे वर्षे झाली, पण विणलेले कापड उचलणे, चाचपणे आणि घडी घालणे हे काम अजून माणसाच्याच हातात आहे. रोबोटच्या बोटात कॅमेरा बसवून त्याला स्पर्शज्ञान देण्याचे प्रयत्न सध्या जोरात सुरू आहेत. हे तंत्रज्ञान चालते कसे आणि सोलापूरच्या टॉवेल-चादर उद्योगाशी त्याचा संबंध काय, याचे हे विश्लेषण.

सोलापूर : साल २०१०. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी पीआर-२ नावाच्या दोन हातांच्या रोबोटसमोर चुरगळलेले टॉवेल ठेवले आणि घड्या घालायला लावल्या. रोबोटने ५० पैकी ५० टॉवेलच्या घड्या बरोबर घातल्या. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. मात्र तो ५० पट वेगाने पळवलेला होता. प्रत्यक्षात एका टॉवेलला सरासरी १,४७८ सेकंद, म्हणजे जवळपास २५ मिनिटे लागली होती.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभी असलेली महिला २५ मिनिटांत किती टॉवेलच्या घड्या घालते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

त्यानंतर रोबोट सुधारले. २०२२ मध्ये बर्कलीच्याच आणखी एका प्रयोगात तासाला ३० ते ४० घड्यांपर्यंत मजल गेली. तरीही एका घडीला दीड-दोन मिनिटे लागतातच. बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवणारा संगणक १९९७ मध्येच आला, मग टॉवेलपाशी गाडी का अडते?

कात्री लागेपर्यंत यंत्राचे राज्य

टॉवेल तयार होताना नीट पाहिले तर उत्तराचा एक भाग सापडतो. बीमवर गुंडाळलेले उभे धागे मागावर ताणून धरलेले असतात. आडवा धागा त्यातून आरपार जातो. टेरी टॉवेलमध्ये उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक घट्ट ताणलेला, तो टॉवेलचा पाया. दुसरा सैल सोडलेला, त्याच्यापासून पाणी शोषणारे फासे तयार होतात. सैल असला तरी तो किती सैल सोडायचा हे यंत्रच ठरवते. म्हणजे धागा असो वा कापड, ते सतत कशाने तरी धरलेले असते. पुढचा क्षणी ते कुठे असेल, हे यंत्राला आधीच माहीत असते.

मागालाही थोडाफार स्पर्श कळतो. यंत्रमागावरचा वेफ्ट फोर्क, म्हणजे छोटा काटा, आडवा धागा आला की नाही हे चाचपतो. धागा तुटला तर माग थांबतो. नव्या मागांवर प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पट्टी लटकलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेचे सर्किट पूर्ण होते आणि माग बंद. या स्पर्शाला एकच प्रश्न विचारता येतो : धागा आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही. विणकामाला तेवढे पुरते.

खरी अडचण कात्री लागल्यावर सुरू होते. टॉवेल तागातून सुटा झाला की ताण गेला. आता तो कसाही पडेल, कुठेही दुमडेल, खालच्या टॉवेलला चिकटेल. मोठ्या गिरण्यांमध्ये टॉवेलची लांबीची आणि आडवी शिलाई आपोआप करणारी यंत्रे आहेत, पण त्यांचीही युक्ती हीच : कापडाला शेवटपर्यंत सुटू द्यायचे नाही, एका चिमट्यातून दुसऱ्या चिमट्यात द्यायचे. जिथे कापड मोकळे होते, तिथून कटिंग, हेमिंग, चेकिंग, घडी, पॅकिंग अशी माणसांची रांग लागते. सोलापूरच्या कारखान्यांत ही रांग मोठी आहे आणि तिच्यात महिला बऱ्याच आहेत.

अमेरिकेतल्या जोनाथन झोर्नो या तरुणाने २०१६ मध्ये यावर गमतीशीर तोड काढली. रोबोटला मऊ कापड कळत नाही ना, मग कापडच कडक करा. ‘सेवबो’ नावाच्या त्याच्या पद्धतीत कापडाला पाण्यात विरघळणारा घट्ट लेप दिला जातो. पुठ्ठ्यासारख्या झालेल्या तुकड्यांपासून रोबोट टी-शर्ट शिवतो आणि शेवटी पाण्यात बुडवून लेप काढून टाकतात. सायझिंगमध्ये धाग्याला खळ देणाऱ्यांना ही कल्पना फार परकी वाटणार नाही. पण प्रत्येक कपडा आधी कडक करायचा आणि मग धुवायचा, हा द्राविडी प्राणायामच.

डोळे आहेत, बोटे नाहीत

२०१० चा रोबोट टॉवेलचे कोपरे कॅमेऱ्याने वेगवेगळ्या बाजूंनी पाहून शोधत होता. अडचण अशी की, रोबोटने कापड चिमटीत धरले की नेमका तोच भाग कॅमेऱ्याला दिसेनासा होतो. चिमटीत एक पदर आला की दोन? काठ आला की मधला भाग? कापड घसरते आहे का? बाहेरच्या कॅमेऱ्याला फक्त चिमट्याची पाठ दिसते.

माणूस ही सगळी माहिती बोटांतून घेतो. स्वीडनमधील संशोधकांच्या १९७९ च्या अंदाजानुसार माणसाच्या एका हाताच्या तळव्याकडील त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार संवेदक असतात. त्यांच्यापैकी रोलँड योहान्सन यांनी पुढे केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका व्यक्तीच्या बोटांची टोके भूल देऊन बधिर केली आणि तिला काडेपेटीतली काडी पेटवायला सांगितली. डोळे ठीक, स्नायू ठीक, अक्कल ठीक. तरी काडी हातातून निसटत राहिली. एरवी काही सेकंदांत होणाऱ्या कामाला कितीतरी पट वेळ लागला.

आजचे बहुतेक रोबोट असेच कायमची भूल दिलेल्या बोटांनी काम करतात.

मग बोटाच्या आतच कॅमेरा!

एडवर्ड ॲडेलसन हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले (एमआयटी) दृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक. बुद्धिबळाच्या पटावरचे दोन चौकोन एकाच छटेचे असूनही सावलीमुळे वेगळे दिसतात, हे चित्र मोबाइलवर बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. ते १९९५ मध्ये त्यांनीच तयार केले. घरात मुले झाल्यावर ती जग कसे पाहतात याचे कुतूहल वाटेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांना जास्त नवल वाटले ते मुले हाताने जग कसे चाचपतात याचे. त्यातून त्यांनी मायकाह जॉन्सन यांच्यासोबत २००९ मध्ये एक उपकरण मांडले. तेच पुढे ‘जेलसाइट’ म्हणून ओळखले गेले.

रचना ऐकायला अगदी सोपी आहे. पारदर्शक, मऊ रबरासारख्या जेलची एक गादी. तिच्या बाहेरच्या बाजूला धातूच्या चमकीचा किंवा राखाडी रंगाचा पातळ थर. आतल्या बाजूला छोटे एलईडी दिवे आणि एक कॅमेरा. गादी एखाद्या वस्तूवर दाबली की रंगाच्या थरावर त्या वस्तूचा ठसा उमटतो. कॅमेरा आतून त्या ठशाचा फोटो काढतो. म्हणजे कॅमेरा वस्तूला पाहतच नाही, तो स्वतःच्या कातडीला पडलेला खळगा पाहतो.

रंगाचा तो थर या उपकरणातली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणावी लागेल. साध्या कॅमेऱ्याला काच दिसत नाही, चकाकता स्टीलचा पेला फसवतो, नक्षीदार जेकॉर्ड चादरीवरचा मोर कापडाचा उंचवटा आहे की नुसता रंग, हे कळत नाही. इथे वस्तूचा रंग आणि चमक थराआड राहते, उरतो फक्त आकार. काळा टॉवेल काय आणि पांढरा काय, ठसा सारखाच.

आता फोटोवरून खोली कशी काढायची? गिलावा केलेली भिंत दुपारी सपाट दिसते. संध्याकाळी तिरपे ऊन पडले की तिच्यावरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. उन्हाकडे तोंड केलेला उतार उजळतो, पलीकडचा काळवंडतो. जेलच्या गादीत हेच तिरपे ऊन तीन बाजूंनी सोडलेले असते, साधारणपणे लाल, हिरवे आणि निळे. ठशाचा जो भाग लाल दिव्याकडे झुकलेला, तो फोटोत लालसर येतो, जो निळ्याकडे झुकलेला तो निळसर. तिन्ही रंगांचे प्रमाण मोजले की फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याशी पृष्ठभाग किती आणि कुठे कललेला आहे, हे निघते. टेकडी चढताना प्रत्येक पावलाचा चढ लिहून ठेवला तर शेवटी टेकडीची उंची मांडता येते, तसे सगळे उतार जोडत गेले की ठशाचा संपूर्ण नकाशा तयार होतो. या पद्धतीला ‘फोटोमेट्रिक स्टिरिओ’ म्हणतात. तिचे गणित १९८० चे आहे.

२०११ मध्ये एमआयटीने दाखवलेली सुधारित आवृत्ती एक मायक्रोमीटरपेक्षाही कमी खोलीचे तपशील टिपत होती. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. नोटेवर छापलेल्या शाईचा उंचवटाही त्यात दिसत होता.

जेलवर बारीक काळे ठिपके काढले की आणखी एक गोष्ट साधते. वस्तू बोटातून निसटू लागली की जेल ताणले जाते आणि ठिपके सरकतात. वस्तू पडण्याआधीच रोबोटला पकड घट्ट करता येते. ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे २००९ पासून विकसित होत असलेल्या ‘टॅकटिप’मध्ये ठिपक्यांऐवजी कातडीच्या आतल्या बाजूला बारीक खुंट्या आहेत. आपल्या बोटांच्या त्वचेखालीही तशाच उंचवट्यांची रचना असते.

या क्षेत्रात कॅमेराच का जिंकतो आहे, याचे कारण मोबाइल फोन. दाब मोजणारे शेकडो सूक्ष्म संवेदक एका बोटात बसवायचे तर तेवढ्या तारा बाहेर काढाव्या लागतात. कॅमेऱ्याच्या एका चिपमध्ये लाखो ठिपके असतात आणि तार एकच. स्मार्टफोनमुळे असे कॅमेरे स्वस्त आणि नखाएवढे झाले. शिवाय फोटो वाचणारे एआय आधीच तयार होते. स्पर्शाचेच फोटोत रूपांतर केल्यावर ते सगळे इथे लागू पडले.

चादर चाचपणारा रोबोट

सोलापूरच्या दृष्टीने यातला सर्वात जवळचा प्रयोग २०१८ चा आहे. एमआयटीत वेन्झेन युआन आणि सहकाऱ्यांनी एका रोबोटच्या चिमटीत जेलसाइट बसवले आणि त्याला कपडे चाचपायला लावले. एकूण १५३ कपडे, ६,६१६ वेळा चाचपणी. रोबोट कपड्याची घडी चिमटीत धरून दाबायचा आणि ठशांवरून ११ गुणधर्म ओळखायचा. कापड जाड की पातळ, मऊ की राठ, लव किती, टिकाऊ किती, इथपासून ते कोणत्या ऋतूत घालायचे आणि कसे धुवायचे, इथपर्यंत.

सोलापुरात चादर घ्यायला आलेला माणूस हेच करतो. किंमत विचारण्याआधी दुकानात उलगडलेल्या चादरीचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतो. वजन, वीण, सूत यांचा अंदाज त्या एका चिमटीत येतो. येथील चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर तयार झालेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार. बोटातला कॅमेरा विणीची घनता मोजू शकेल, चादर कोणत्या गावात विणली हे मात्र त्याला सांगता येणार नाही.

पुढची पायरी कापड हाताळण्याची. २०२० मध्ये एमआयटीच्याच रोबोटने हेडफोनची वायर दोन बोटांत सैल धरून टोकापर्यंत सरकत नेली आणि पिन खोबणीत घातली. २०२२ मध्ये हीच युक्ती कापडावर वापरली गेली. रोबोट कापडाचा काठ धरतो, धरलेला भाग खरोखर काठ आहे का हे बोटातल्या ठशावरून तपासतो आणि काठावरून बोट सरकवत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जातो. दोन कोपरे हाती आले की घडी घालता येते, दोरीवर वाळत टाकता येते. धुतलेली चादर झटकण्यापूर्वी घरोघरी हेच केले जाते, आपण त्याकडे कधी कौशल्य म्हणून पाहिलेले नसते इतकेच.

त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात चिमटीत कापडाचा एक पदर आला की दोन, हे ओळखण्याचा प्रयोग झाला. तिथे बोटात कॅमेरा नव्हता, चुंबकीय कण मिसळलेली कृत्रिम त्वचा होती. म्हणजे स्पर्धा आहे, आणि शेवटी कोणती पद्धत टिकेल हे ठरलेले नाही. ॲमेझॉनने मे २०२५ मध्ये जाहीर केलेला ‘व्हल्कन’ हा गोदामातला रोबोटही स्पर्श ओळखतो म्हणून गाजला, पण त्याची मदार बळ मोजणाऱ्या संवेदकांवर आहे, बोटातल्या कॅमेऱ्यावर नाही. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते.

‘स्पर्श’ नावाचे मॉडेल

फेसबुकची मूळ कंपनी मेटा या क्षेत्रात २०२० पासून आहे. तिच्या संशोधकांनी ‘डिजिट’ नावाचे बोटाच्या पेराएवढे, सुमारे २० ग्रॅम वजनाचे उपकरण तयार केले आणि त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. एक हजार नग बनवल्यास एकाचा खर्च १५ डॉलरच्या आसपास येईल, असे त्यांनी तेव्हा म्हटले होते. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचा पुढचा अवतार ‘डिजिट ३६०’ जाहीर झाला. बोटाच्या टोकासारखा गोल, ८० लाखांहून अधिक स्पर्शबिंदू आणि दाबासोबत कंप व उष्णताही टिपणारा.

त्याच दिवशी मेटाने एक एआय मॉडेलही खुले केले. त्याचे नाव ‘स्पर्श’, संस्कृतातूनच घेतलेले. वेगवेगळ्या कॅमेरा-बोटांनी टिपलेल्या ४ लाख ६० हजारांहून अधिक फोटोंवर ते शिकवले आहे. प्रत्येक कामासाठी नवे मॉडेल पहिल्यापासून घडवण्याऐवजी हे तयार मॉडेल घेऊन थोडक्या नमुन्यांवर आपले काम शिकवायचे, असा त्यामागचा विचार.

मग कारखान्यात कधी?

जेलसाइटची उपकरणे आज प्रत्यक्ष वापरात आहेत, पण ती मुख्यतः तपासणीसाठी. विमानांच्या भागांवरचे ओरखडे मोजायला, बंदुकीच्या काडतुसांवरच्या खुणा जुळवायला. रोबोटच्या बोटातला त्यांचा वापर अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहे. त्याची कारणे लूमशेडमध्ये उभे राहून विचार केला तर लगेच लक्षात येतात.

पहिले कारण झीज. जेल मऊ आहे म्हणूनच ते काम करते आणि मऊ आहे म्हणूनच ते झिजते. रंगाचा थर घासला गेला की बोट आंधळे झाले. टेरीसारख्या कापडावर दिवसाला हजारो वेळा घासले जाणारे, सुताचा धुरळा चिकटणारे आणि सोलापूरचा उन्हाळा सोसणारे जेल किती टिकेल? प्रयोगशाळेत शंभर टॉवेल उचलणे वेगळे, तिन्ही पाळ्यांत उचलणे वेगळे. डिजिटमध्ये जेलचा तुकडा पटकन बदलता येतो, पण मग बदलणारा माणूस आणि बदलायचा खर्च आला.

दुसरे कारण वेग. डिजिटचा कॅमेरा सेकंदाला ६० फोटो घेतो. माणसाच्या बोटातले काही संवेदक सेकंदाला शेकडो कंपने टिपतात. कापडावरून बोट फिरवताना जो ‘हात’ जाणवतो, त्यात या कंपनांचा मोठा वाटा असतो. साध्या कॅमेऱ्यातून तो निसटतो. डिजिट ३६० मध्ये कंपनांसाठी वेगळी सोय द्यावी लागली ती यामुळेच.

तिसरे कारण हिशेबाचे आहे आणि सध्या तेच सर्वात मोठे. बोट १५ डॉलरचे असले तरी त्याला लागणारा रोबोटचा हात काही लाखांत जातो. सोलापुरातील बरेचसे कारखाने लहान आहेत आणि इथे हेमिंग-पॅकिंगची मजुरी कमी आहे. जोवर ती कमी आहे, तोवर कोणी रोबोट आणणार नाही. मजुरी कमी म्हणून नोकरी सुरक्षित, असा हा विचित्र दिलासा आहे. १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये ज्या १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले, त्यांच्या लाभार्थींमध्ये यंत्रमाग आणि विडी कामगार होते. या शहरातली किती घरे बोटांच्या कामावर उभी आहेत, हे तिथे गेल्यावर कळते.

धोका आधी दुसऱ्या बाजूने येण्याची शक्यता जास्त. जिथे मजुरी महाग आहे, त्या देशांत हे रोबोट आधी परवडू लागतील. सुटे कापड तिथेच हाताळता येऊ लागले, तर निर्यातीच्या टॉवेलला स्वस्त हातांमुळे मिळणारी सवलत घटेल. ते पाच वर्षांत होईल की वीस, याबद्दल छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. स्वयंचलित शिलाईची मोठमोठी भाकिते दहा वर्षांपूर्वीही झाली होती, आणि तुमच्या अंगातला शर्ट आजही बहुधा माणसानेच शिवलेला आहे.

कापडापलीकडे याच जिल्ह्यात आणखी एक वापर दिसतो तो डाळिंबाचा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. फळाला न दाबता उचलणे आणि प्रतवारी करणे हे कॅमेरा-बोटाला कापडापेक्षा सोपे जाईल, कारण डाळिंब निदान आकार तरी बदलत नाही. दाबताना ठसा कसा वाढत जातो, यावरून वस्तूचा कठीणपणा ओळखण्याचे प्रयोग जेलसाइटवर झालेले आहेत.

डिजिटचे आराखडे खुले असल्याने इथल्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही ते बोट बनवून पाहता येईल. छोटा कॅमेरा, एलईडी, सिलिकॉन आणि थ्रीडी प्रिंटर एवढ्यावर भागते. अवघड भाग त्यानंतरचा आहे. कोणता ठसा चांगल्या टॉवेलचा आणि कोणता फासे निघालेल्या, सेकंडमध्ये टाकायच्या टॉवेलचा, हे मॉडेलला कोणीतरी हजारो वेळा सांगावे लागते. एमआयटीच्या त्या १५३ कपड्यांमध्येही जाड काय आणि मऊ काय, हे आधी माणसांनीच ठरवले होते. सोलापुरात हे सांगू शकणारे लोक चेकिंगच्या टेबलाशी उभे आहेत. त्यांच्या बोटांतले हे ज्ञान कोणाच्या मॉडेलमध्ये जाणार आणि त्याचे मोल त्यांना मिळणार का, यावर अद्याप कुठे चर्चाही सुरू झालेली दिसत नाही.